झासेत्स्कीची आई : जखमी मेंदूच्या गोष्टीतून गळलेली माणसं

अलेक्झांडर लूरिया या रशियन मेंदूशास्त्रज्ञाचं एक छोटं पुस्तक मी गेली कित्येक वर्षं लोकांना वाचायला देत आलो आहे. १९७१ मध्ये ते रशियनमध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी 'द मॅन विथ अ शॅटर्ड वर्ल्ड' या नावानं इंग्रजीत. साहित्य शिकवताना आत्मकथन या प्रकारावर बोलायचं असलं की मी हमखास या पुस्तकाकडे वळत असे. डोक्यात गोळी लागलेला एक तरुण सैनिक, त्याची विस्कटलेली स्मृती आणि तरीही पंचवीस वर्षं रोज थोडं थोडं लिहिण्याचा त्याचा हट्ट. वर्गात ही गोष्ट सांगितली की मागच्या बाकांवरची कुजबुजही थांबे.

एकदा ती मी माझ्या मामीला सांगितली. सातारा जिल्ह्यातल्या ज्या गावात तिचं उभं आयुष्य गेलं, तिथे घरटी एक माणूस फौजेत असतो. मामा १९७१ च्या युद्धातून जिवंत परत आला, पण डोक्यात तोफगोळ्याचा तुकडा शिरून गेला होता. पुढची एकतीस वर्षं मामीनं त्याचं सगळं केलं. मी गोष्ट रंगवून सांगितली. मामी शेंगा फोडत ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "मग त्याला जेवायला कोण घालत होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. निदान दहा वेळा वाचलेल्या पुस्तकाबद्दल इतका साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता. प्रस्तुत लेख त्या प्रश्नामागे जाण्याचा प्रयत्न आहे. मेंदूला इजा झालेल्या सैनिकांबद्दलचं काही लेखन आणि त्यांच्यासाठी केलेले काही कायदेकानू मी पुन्हा वाचले. वाचताना लक्ष एकाच गोष्टीवर ठेवलं : घरात त्याला सांभाळणारं माणूस या मजकुरात कुठे आहे, आणि त्याच्या मनाचं काय होतं?

तीन हजार पानं आणि एक घर

आधी मूळ हकीकत. लेव झासेत्स्की हा तुला शहरातल्या संस्थेत शिकणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी. युद्धात तो आघाडीवर गेला. मार्च १९४३ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, स्मोलेन्स्कच्या परिसरातल्या लढाईत त्याच्या डोक्यात गोळी घुसली. मेंदूच्या डाव्या बाजूचा मागचा भाग दुखावला. त्यानंतर त्याला वस्तूंचे तुकडे दिसत, आख्खी वस्तू दिसत नसे. उजवीकडचं जग नाहीसंच झालं. आपला उजवा हात कुठे आहे हे शोधावं लागे. अक्षरं अनोळखी झाली. 'वडिलांचा भाऊ' आणि 'भावाचे वडील' यांत फरक काय, हे काही केल्या त्याला उलगडेना. शब्द दोन्हीकडे तेच, नातं मात्र वेगळं. आणि नातं जोडणारी जागाच त्याच्या मेंदूत जायबंदी झाली होती.

मग एक दिवस लक्षात आलं, की अक्षर आठवायच्या भानगडीत न पडता हात न उचलता सलग लिहिलं तर लिहिता येतं. तिथून त्यानं लिहायला सुरुवात केली. लिहिलेलं त्याला धड वाचता येत नसे, कालचं आज आठवत नसे. कधी दिवसभरात अर्धं पान होई. अशी सुमारे तीन हजार पानं झाली. लूरियानं त्यांतले उतारे निवडले, मध्ये मध्ये आपली शास्त्रीय टिपणं घातली आणि हे पुस्तक सिद्ध झालं. पुढे ऑलिव्हर सॅक्स यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि रुग्णाच्या कहाणीला वाङ्मयाची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या ग्रंथांत ते गणलं जाऊ लागलं. ते योग्यच झालं.

झासेत्स्की इस्पितळातून किमोव्स्क या आपल्या गावी परतला. तिथे आई होती, बहिणी होत्या. वडील तो लहान असतानाच वारलेले. या घरातच त्यानं ती पानं लिहिली. मामीच्या प्रश्नानंतर मी पुस्तक पुन्हा उघडलं आणि आई-बहिणींचा उल्लेख जिथे जिथे येतो तिथे पेन्सिलीनं खूण केली. खुणा थोड्याच झाल्या. आई दिसते ती बहुधा काम सांगताना, आणि ते काम त्याला कसं जमलं नाही हे सांगण्यापुरती. इस्पितळात त्याला पुन्हा अक्षरं शिकवणाऱ्या बाईंना पुस्तकात नीट जागा आहे. घरी पंचवीस वर्षं त्याच्यासोबत राहिलेल्या बायकांना स्वतःचं असं एक वाक्य नाही.

यात लूरियाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याचा माझा हेतू नाही. दुखावलेला मेंदू आतून कसा अनुभवला जातो, हा त्याचा विषय होता आणि त्या विषयाला तो इमानदार राहिला. झासेत्स्कीला तर दुसऱ्याच्या मनात शिरण्याइतकी उसंत त्याच्या जखमेनं ठेवलीच नव्हती. माझा आक्षेप वाचकांवर आहे, आणि त्यांत मी पहिला. या पुस्तकाला आपण एकट्या माणसाच्या जिद्दीची गाथा म्हणून डोक्यावर घेतलं. पण रस्ता विसरणारा, ताटातली उजवी बाजू न दिसणारा माणूस पंचवीस वर्षं रोज टेबलाशी बसू शकतो, तेव्हा त्याला त्या टेबलापर्यंत आणणारं कुणीतरी असतं. ते गृहीत धरूनच जिद्दीची गाथा उभी राहते.

एका दुपारी बरा होणारा सैनिक

मग मी उलट बाजूनं शोध घेतला. घरातल्या बाईच्या नजरेनं लिहिलेलं काही आहे का? रिबेका वेस्ट यांची 'द रिटर्न ऑफ द सोल्जर' ही कादंबरी १९१८ ची, म्हणजे पहिलं महायुद्ध चालू असतानाची. कॅप्टन ख्रिस बॉल्ड्री आघाडीवरून परततो तो मागची पंधरा वर्षं विसरून. बायको किटी त्याला आठवत नाही. तरुणपणीची प्रेयसी मार्गारेट तेवढी आठवते. निवेदन करते ती घरातली चुलतबहीण जेनी. घरातल्या माणसांना काय वाटतं हे इथे पानोपानी आहे. आपल्या नवऱ्याच्या डोळ्यांत आपण परक्या झालो आहोत, हा किटीचा अपमान. त्याचं सुख कशात आहे हे ओळखून मूग गिळून बसलेल्या जेनीची घुसमट. आणि स्वतःच्या घरी आजारी नवऱ्याचं करून उरलेल्या वेळात इथे येणारी, गरिबीनं झिजलेली मार्गारेट. सांभाळ करणाऱ्याचा थकवा वेस्टबाईंनी नेमका हेरला आहे.

पण कादंबरीला शेवट हवा असतो. डॉक्टर येतो, मेलेल्या मुलाच्या वस्तू ख्रिसपुढे ठेवायचं ठरतं आणि स्मृती परतते. एका दुपारी सगळं उरकतं. त्याला पुन्हा युद्धावर जावं लागणार, ही त्यातली शोकांतिका. मेंदूच्या खऱ्या इजेत अशी दुपार येत नाही. तिथे शोकांतिका वेगळी असते : शेवटच होत नाही.

व्हर्जिनिया वुल्फ यांच्या 'मिसेस डॅलोवे' (१९२५) मध्ये हे अधिक कठोरपणे येतं. सेप्टिमसची इटालियन बायको रेझिया लंडनमध्ये एकटी आहे. नवरा स्वतःशी बोलतो, मरणाच्या गोष्टी करतो, आणि हे ती कुणाला सांगू शकत नाही. डॉक्टर होम्स तिलाच कामाला लावतो : त्याचं लक्ष बाहेरच्या गोष्टींत गुंतवा. दुसरा मोठा डॉक्टर सांगतो, त्याला तुमच्यापासून दूर ठेवावं लागेल. दोघांपैकी कुणीही तिला, बाई, तुमचं कसं चाललंय, असं विचारत नाही. सेप्टिमसनं खिडकीतून उडी घेतल्यावर मात्र तिला गुंगीचं औषध दिलं जातं. तिच्या मनाकडे वैद्यकाचं लक्ष जातं ते असं, सगळं संपल्यावर.

सेप्टिमसच्या दुखण्याला 'शेल शॉक' म्हणत. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हा शब्द वापरला तेव्हा तोफगोळ्याच्या स्फोटानं मेंदू हादरतो, अशी कल्पना त्यामागे होती. पुढे तो निव्वळ मनाचा आजार मानला गेला. इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांत रस्त्याकडेला पेरलेल्या स्फोटकांनी तोच प्रश्न परत आणला. २००० पासून अमेरिकी सैन्यात मेंदूच्या इजेची नोंद झालेल्यांचा आकडा चार लाखांच्या पुढे गेला. त्यांतल्या बहुतेक इजा सौम्य वर्गातल्या आहेत, पण गंभीर इजा झालेल्यांचं घर कायमचं बदललं.

तेरावा नसलेलं दुःख

हे 'बदलणं' नेमकं काय असतं? अमेरिकेतल्या मेंदू-मानसशास्त्रज्ञ म्युरिएल लेझॅक यांनी १९७८ मध्येच लिहून ठेवलं, की स्वभाव पालटलेल्या माणसाबरोबर राहणं घरच्यांना सगळ्यात जड जातं. हात-पाय गेले तर शेजारी समजून घेतात. पण माणूस दिसायला तोच, चालतो, जेवतो. फक्त क्षणात भडकतो, पैसे उधळतो, पोराच्या तापाची त्याला फिकीर वाटत नाही. मग दोष बायकोवर येतो : हिलाच सांभाळता येत नाही. ग्लासगोमध्ये डोक्याला गंभीर मार लागलेल्या नागरिकांच्या घरच्यांशी संशोधक वर्षानुवर्षं बोलत राहिले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, अपघातानंतर एका वर्षानं ६० टक्के नातेवाइकांनी स्वभाव बदलल्याचं सांगितलं होतं. पाच वर्षांनी ७४ टक्क्यांनी. काळ हे औषध आहे असं आपण म्हणतो. इथे काळाबरोबर ओझं वाढलं.

पॉलिन बॉस यांनी या अवस्थेला नाव दिलं : धूसर वियोग. त्यांच्या कामाची सुरुवातच व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांपासून झाली. माणूस डोळ्यांपुढे नाही पण मनातून जात नाही, हा एक प्रकार. माणूस डोळ्यांपुढे आहे पण जो होता तो उरला नाही, हा दुसरा. मरणाला आपल्याकडे दहावा आहे, तेरावा आहे. माणसं येऊन बसतात, रडू देतात, मग एक दिवस घरात गोड करून संसार पुन्हा सुरू करायला सांगतात. या दुसऱ्या वियोगाला सुतक नाही. ज्याच्यासाठी रडायचं तो समोर बसून चहा मागत असतो. मामी एकदा म्हणाली होती, "लोक म्हणायचे, नशीब तुझं, कुंकू शाबूत राहिलं. मग रडायचं कुणापाशी?"

मराठीत तिला काय म्हणतात?

आता आपल्या भाषेकडे येतो. युद्धात नवरा गेलेल्या स्त्रीला आपण वीरपत्नी म्हणतो, तिच्या सासूला वीरमाता. सैन्याच्या कागदांत वीरनारी. या शब्दांमागे मान आहे, व्यासपीठावरची खुर्ची आहे, शाल-श्रीफळ आहे. पण नवरा जिवंत परतला आणि डोकं दुखावून परतला, तर तिला नाव नाही. 'काळजीवाहक' हा अलीकडे घडवलेला शब्द कागदावर ठीक आहे. तोंडात तो बसत नाही, आणि पगारी माणसालाही तोच लागतो.

बोलीत तिच्यासाठी फक्त क्रियापदं आहेत. ती त्याचं 'करते'. तिनं त्याचं आजारपण 'काढलं'. काय करते, हे वाक्यात येतच नाही. अंघोळ, गोळ्या, लपवून ठेवलेल्या किल्ल्या, रात्रीचं जागणं, शेजाऱ्यांची माफी मागणं, हे सगळं त्या एका 'करते'मध्ये जिरून जातं. आणि वर सावित्रीचा आदर्श. यमाच्या दारातून नवरा परत आणणाऱ्या सावित्रीची कथा तो परत आला तिथे संपते. परत आलेला सत्यवान बायकोला ओळखेनासा झाला असता तर, हा प्रश्न वडाला दोरा गुंडाळताना कुणी विचारत नाही. मग मनात जो राग, कंटाळा, कधी 'सुटलो तर बरं' असा विचार येतो, तो बाईला पाप वाटतो. मानसशास्त्राच्या भाषेत ही दीर्घ ताणाची अपेक्षित लक्षणं आहेत. घरच्या भाषेत ती कबूल करण्याची सोय नाही. सांभाळणाऱ्यांचं मन मोडतं ते बरंचसं या गप्प बसण्यामुळे, असं माझं मत झालं आहे.

कायद्याचं वाक्य कुणाबद्दल आहे?

कायदेही मी मजकूर म्हणूनच वाचले. कारण कायद्याच्या वाक्यात कर्ता कोण आहे, यावर पैसे कुणाच्या हातात पडणार हे ठरतं.

अमेरिकेत ५ मे २०१० रोजी ओबामा यांनी एका कायद्यावर सही केली. त्यानं पहिल्यांदा घरात सांभाळ करणाऱ्या व्यक्तीला स्वतंत्रपणे ओळखलं : तिला दरमहा मानधन, तिचा स्वतःचा आरोग्यविमा, प्रशिक्षण, समुपदेशन आणि वर्षाला निदान ३० दिवस विसावा, म्हणजे त्या काळात दुसरं कुणी येऊन सांभाळणार. तो आधी ११ सप्टेंबर २००१ नंतर जखमी झालेल्यांपुरताच होता. व्हिएतनामच्या सैनिकांच्या बायका, ज्यांनी चाळीस-चाळीस वर्षं केलं होतं, त्या बाहेर राहिल्या. २०१८ च्या कायद्यानं दार उघडलं आणि २०२० मध्ये त्या आत आल्या. दरम्यान २०१४ मध्ये 'रँड' या संस्थेच्या मोठ्या पाहणीत अशा ५५ लाख सांभाळणाऱ्यांचा अंदाज मांडला गेला. २००१ नंतरच्या सैनिकांना सांभाळणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं आढळली.

पण त्या व्यवस्थेचंही एक दुखणं आहे. पात्रता तपासताना माणूस स्वतः जेवतो का, कपडे घालतो का, यांवर बोट ठेवणं सोपं जातं. मेंदूची इजा झालेला माणूस शर्टाची बटणं लावतो, आणि गॅस चालू ठेवून बाहेर निघून जातो. नियमांत देखरेखीच्या गरजेचा उल्लेख आहे, पण ती सिद्ध करणं अवघड. निकष कडक झाल्यावर फेरतपासणीत बरीच जुनी कुटुंबं अपात्र ठरू लागली. ओरड झाली आणि २०२२ मध्ये त्यांना वगळणं थांबवावं लागलं. मदत कधीही बंद होऊ शकते, ही धास्ती हाच पुन्हा एक मानसिक ताण, हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे शंभर टक्के अपंगत्व आलेल्या आणि सोबत्याची गरज असलेल्या निवृत्त सैनिकाला सतत-सोबत भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो महिना ४५०० वरून ६७५० रुपये झाला. २००३ पासून माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे, तिच्यात पत्नीवरही उपचार होतात. कण्याला इजा झालेल्यांसाठी पुण्यात खडकीला १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे आणि त्यानं अनेक आयुष्यं उभी केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांभाळणाऱ्याच्या भत्त्याचा उल्लेख आहे. हे काही कमी नाही. तरी वाक्यरचना पाहा : सोबतीचा भत्ता त्याच्या पेन्शनमध्ये, त्याच्या नावावर. जी सोबत करते ती त्या कागदावर कर्ता नाही, कर्मही नाही. तिची झोप, तिचा रक्तदाब, तिचं मन यांची चौकशी करणारा रकाना त्यात नाही.

तसा रकाना करता येतो. स्टीव्हन झारिट यांनी १९८० मध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्यांसाठी एक प्रश्नावली केली. तिच्या आजच्या रूपात २२ प्रश्न आहेत : स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, त्याच्या वागण्याची लाज वाटते का, राग येतो का. अशी प्रश्नावली माजी सैनिकांच्या दवाखान्यात, रुग्णाला बाहेर बसवून, बायकोपुढे ठेवायला फार पैसे लागत नाहीत. स्मृतिभ्रंशाच्या घरांसाठी घडवलेला 'रीच' नावाचा उपक्रम अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यानं उचलला. त्यात प्रशिक्षित व्यक्ती काही भेटींत किंवा फोनवर सांभाळणाऱ्याशीच बोलते : त्याचा कुठला त्रास सध्या सगळ्यात जड जातोय, त्यावर काय करून पाहता येईल, तुमची झोप कशी होईल. आपल्याकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं आहेत, आशाताई घरोघरी जातात, सैनिकांच्या गावांत बचत गट आहेत. महिन्यातून एक दुपार अशा बायकांनी एकत्र बसावं आणि त्या वेळी त्यांच्या घरी दुसऱ्या कुणी थांबावं, इथून सुरुवात होऊ शकते. समुपदेशकाचं पहिलं काम तिला सहनशीलता शिकवण्याचं नसावं. त्याच्या मेंदूत काय झालं आहे आणि त्यातलं काय तिच्या हातात नाही, हे त्यानं तिला आधी समजावून सांगावं.

मामीचा प्रश्न

मामाच्या डोक्याला फटाक्यांचा आवाज सोसत नसे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दिवा लावला की मामी त्याला घेऊन गावाबाहेरच्या रानात जायची आणि मध्यरात्रीनंतर परतायची. आम्ही पोरं भुईनळे उडवायचो. ती दोघं दिसत नाहीत हे आमच्या ध्यानातही येत नसे. एकतीस दिवाळ्या ती अशी रानात बसली. गावानं मामाचा सत्कार दोनदा केला. दोन्ही फोटोंत मामी आहे. त्याचा दंड धरून, चौकटीच्या कडेला अर्धी कापलेली.

लूरियाचं पुस्तक मी अजूनही लोकांना देतो. देताना आता सोबत एक काम देतो : वाचताना त्याच्या आईवर लक्ष ठेवा आणि ती जिथे दिसेल तिथे खूण करा. परवा एका विद्यार्थिनीनं पुस्तक परत केलं. खुणांखेरीज तिनं शेवटच्या कोऱ्या पानावर प्रश्नांची यादी केली होती. आई रात्री झोपायची का? बहिणींची लग्नं झाली का? तो चिडल्यावर ती कुणाकडे जायची? पुस्तकात यांतल्या एकाचंही उत्तर नाही. ती यादी मी मामीला वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पोरीला घेऊन ये एकदा. मी सांगते तिला."